नदीकाठचे घर आणि घराचा कागद

जून महिना तोंडावर आला, की आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात दोन कामे ठरलेली असतात. एक म्हणजे छपराचे पत्रे आणि कौले बघून घेणे. दुसरे म्हणजे पेटीतली कागदपत्रांची पिशवी काढून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, माळ्यावर अगदी आढ्याजवळ बांधून ठेवणे. एखादा नवा पाहुणा विचारतो, "इतक्या वर काय बांधलंय? दागिने हायत का?" घरातल्या बायका हसतात. दागिने कुठून येणार? त्या पिशवीत असते रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले आणि आजोबांच्या काळचा एखादा पिवळा पडलेला उतारा. नदीकाठी राहणाऱ्या गरिबाची तिजोरी ती हीच.

आम्ही कर्जतला उल्हास नदीच्या काठी राहतो. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला नदी आणि मध्ये जुने कर्जत गाव, नदीपलीकडे दहिवली, अशी आमच्या शहराची साधारण ठेवण आहे. आमच्या चार पिढ्या याच काठावर गेल्या. आम्ही स्वतः बी.कॉम. होऊन कचेरीत कारकून म्हणून लागलो. दिवसा कचेरीतले कागद आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे कागद, यातच आमची पंचवीस वर्षे गेली. त्यामुळे नदीकाठच्या राहणीविषयी लिहायचे म्हटले, की आम्हाला पाण्याइतकीच कागदांची आठवण होते. हे असे का, तेच वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

आमच्या आधीचे रहिवासी

उल्हास नदी बोरघाटाच्या आणि राजमाचीच्या डोंगरातून खाली उतरते, कर्जतवरून बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. तिच्या अगदी वरच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडिवडे गावाजवळ कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी. चैत्य आहे, विहार आहे, भिक्खूंना राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या आहेत. तिथे चैत्याच्या दर्शनी भागावर एका मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलुक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे.

राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही. ज्याने काम केले त्याचे नाव आणि त्याला शिकविणाऱ्याचे नाव, एवढेच. आमच्या नदीच्या खोऱ्यात कोण राहत होते, याचा आम्हाला ठाऊक असलेला हा जुन्यातला जुना लेखी पुरावा. भिक्खू पावसाळ्यात फिरणे थांबवून एका जागी वर्षावास करीत. पावसाळ्यात या खोऱ्यातले ओढे आणि नदी कशी फुगते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या नियमातला शहाणपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वस्तीतल्या पोरांना आम्ही दर हिवाळ्यात कोंडाण्याला नेतो. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, बलुकाचं नाव दोन हजार वर्षं राहिलं. मग माझ्या आजीचं नाव घराच्या कागदावर का नाही?" आम्ही त्या वेळी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

गावाची खालची बाजू

आज नदीकाठी घर म्हटले, की लोकांना हेवा वाटतो. पण आमचे पूर्वज काही हवा खाण्यासाठी नदीकाठी राहायला गेले नव्हते. गावाची खालची बाजू, पुराच्या पाण्याची बाजू आपल्या लोकांच्या वाट्याला आली. नदी एकच, पण पाण्याच्या जागा वाटून दिलेल्या. वरच्या अंगाला वरच्यांनी भरायचे, त्याखाली इतरांनी आणि सर्वांत खाली, जिथे गुरे धुतली जात, तिथे आपण. आमची आजी सांगायची, की तिच्या सासूने उभ्या हयातीत वरच्या डोहाला हात लावला नाही. जे पाणी थोड्या वेळाने वाहत आपल्याकडेच येणार, तेच पाणी वर जाऊन भरले तर बाटते! आज हसू येते, पण त्या काळी हसण्याची सोय नव्हती.

याच आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 सालीच झालेला होता, महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागद होता, पण पाणी नव्हते. पुढे दावा चालला आणि 1937 साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तेव्हा कागदाला पाण्याची जोड मिळाली. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला आणि कोर्टातले कागदही दहा वर्षे नेटाने लढविले. या दोन्ही गोष्टी बरोबरीने ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

जमिनीची गोष्टही तशीच. गावकीच्या राबणुकीबद्दल मिळालेल्या वतनी जमिनीने आपल्याला जखडून ठेवले, म्हणून बाबासाहेबांनी 1928 सालीच कायदेमंडळात वतनाचे बिल आणले. शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी वतनदारांच्या नावे झाल्या. पण त्या नवीन शर्तीच्या म्हणून नोंदल्या गेल्या. बंगल्या-इमारतींसाठी विकायच्या तर सरकारची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो. ही शर्त ज्यांना ठाऊक नाही, त्यांचे पुढे काय होते ते खाली सांगतोच.

रेल्वे आणि वीजघर

कर्जत-खालापूरचा भाग बाहेरच्या जगाला माहीत झाला तो बोरघाटामुळे. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि 1863 साली घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. गाडी घाट चढायची तर मागून ढकलायला जादा इंजिन लागते. त्यासाठी गाड्या कर्जतला थांबू लागल्या, म्हणून गाव वाढले. घाट फोडताना हजारो मजूर कॉलऱ्याने, तापाने आणि अपघाताने मेले. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

आमचे आजोबा आणि वडील दोघेही रेल्वेत गँगमन. गावकीची भाकरी सुटली ती या रेल्वेच्या पगारामुळे. घर गावाच्या खालच्या बाजूलाच राहिले, पण घरात महिन्याच्या महिन्याला पगार आला, पाटी-पुस्तक आले. म्हणून आम्ही आज हे लिहू शकतो.

आमची धाकटी बहीण खोपोलीला दिली आहे. तिचे घर पाताळगंगेच्या जवळ. तिकडची नदी आमच्या नदीपेक्षा वेगळी. खोपोलीला 1915 साली टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी नळांतून खाली येते, वीज करते आणि पाताळगंगेत सोडले जाते. त्यामुळे भर मे महिन्यातही पाताळगंगा वाहती असते. आमच्या तालुक्यात 1922 साली भिवपुरीचे वीजघर झाले. त्याचे पाणी पेज नदीला मिळते आणि त्यावर उन्हाळी भातशेतीही होते. पण कर्जतच्या आमच्या काठावर मे महिन्यात नदीचे नुसते डोह उरतात. बहीण म्हणते, "दादा, तुमची नदी उन्हाळ्यात झोपते, आमची कधीच झोपत नाही. पोरांवर बारा महिने नजर ठेवावी लागते."

नदीने काय दिले

एवढे वाचून कोणाला वाटेल, की नदीने आम्हाला नुसता त्रास दिला. तसे मुळीच नाही. पहिल्या पावसाला मासे उलटे चढू लागले, की वलगण लागली अशी हाक वस्तीत जाते आणि रात्रीची झोप सोडून सगळे बत्त्या, पागे, टोपल्या घेऊन शेताच्या बांधावर आणि ओढ्याच्या तोंडावर पळतात. त्या आठवड्यात कोणाच्या घरी कालवण नाही असे होत नाही. ज्याच्या घरी माणूस आजारी, त्याच्या घरी शेजारी वाडगा पोहोचवतो. खेकड्यांचा रस्सा सर्दीवर औषध, असे आमच्या आईचे ठाम मत होते आणि अजून ते कोणी खोडून काढलेले नाही.

डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी भगिनी शेवळं, करटोली, कुर्डू घेऊन बाजाराला जाताना आमच्या वस्तीत टेकत. पाणी मागत, आईशी बोलत बसत आणि उठताना एक जुडी ठेवून जात. आमच्या लहानपणी घरात नळ नव्हता. कपडे नदीवर, अंघोळ नदीवर. बायकांच्या सगळ्या सभा त्या धुण्याच्या दगडांवर होत. कुठल्या सुनेला त्रास आहे, कोणाची पोर शाळेतून काढणार आहेत, हे पुरुषांना कळायच्या आधी दगडांवर कळे आणि पुष्कळदा तिथेच निकाल लागे. नळ आला हे चांगलेच झाले, कमरेचे दुखणे वाचले. मात्र ती बसायची जागा गेली. ती जागा आता विहाराने घेतली आहे.

26 जुलै 2005

त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात महाडकडे दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर त्याच पावसात दरडी कोसळल्या. इकडे उल्हास नदीने काठ सोडला. दुपारी पाणी अंगणात होते, दिवेलागणीला चुलीवर आले आणि रात्री आम्ही छातीएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन वरच्या आळीत गेलो. वरच्या आळीतल्या लोकांनी दारे उघडली, चहा दिला, पोरांना कोरडे कपडे दिले. एका काळी ज्यांच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्यांच्याच ओटीवर आमची आई त्या रात्री झोपली. हा बदलही लिहून ठेवला पाहिजे, नाही तर आम्ही खोटे ठरू.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरले. घरात गुडघाभर चिखल होता. चार दिवसांनी पंचनामा सुरू झाला. शेजारच्या मावशींची भिंत पूर्ण पडली होती. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने विचारले, "घर कोणाच्या नावावर?" घर मावशींच्या सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन तीस वर्षे झालेली, नवराही गेलेला, वारसनोंद कोणी केलेली नाही. घरपट्टीच्या पावत्या होत्या, त्यांचा पुरात लगदा झाला. भिंत डोळ्यांसमोर पडलेली, पण मावशी कागदावर त्या घरात राहतच नव्हत्या! आम्ही तीन महिने त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे हेलपाटे घातले. शेवटी काही रक्कम मिळाली, तोवर मावशींनी मंगळसूत्राची वाटी विकून भिंत बांधलेली होती.

त्या दिवशी आम्हाला स्वतःचीही शरम वाटली. आम्ही कारकून, दिवसभर लोकांच्या नोंदी करणारे, आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या घराची नोंद पाहिली नव्हती. कागदांची पिशवी आढ्याला बांधायची रीत आमच्या वस्तीत पडली, ती त्या वर्षापासून.

आता नदीकाठ गोड झाला

गेल्या काही वर्षांत उलटेच झाले आहे. ज्या काठाकडे कोणी ढुंकून बघत नव्हते, त्याच्या आता जाहिराती येतात. नदीला लागून प्लॉट, नदी दिसणारी गच्ची, मुंबईहून दोन तास. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे काम हाती घेतल्यापासून तर दलालांच्या मोटारसायकली वस्तीत वरचेवर येऊ लागल्या.

दोन कुटुंबांनी व्यवहार केला. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. एकाला मुलीचे लग्न होते, दुसऱ्याला दवाखान्याचे देणे. पण दोघांपैकी एकाची जागा नवीन शर्तीची निघाली. परवानगीचा पत्ता नाही, नुसत्या साठेकराराच्या कागदावर सह्या घेतलेल्या. आज जागाही ताब्यात नाही आणि पूर्ण पैसाही हातात नाही. ते कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते.

दुसरा प्रश्न पूररेषेचा. नदीच्या काठाला दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू नये आणि दोन्ही रेषांच्या मध्ये बंधने पाळून करावे, असा नियम आहे. नियम माणसाच्या जिवासाठी आहे, तो आम्हाला मान्य आहे. पण नियम सर्वांना सारखा हवा. आमच्या पडक्या भिंतीला रेषा आडवी येते आणि पलीकडच्या काठावर भराव टाकून संरक्षक भिंत उभी राहते, असे कसे चालेल? एका काठावर भराव घातला, की नदीचे पात्र आवळते आणि पाणी समोरच्या काठावर जास्त चढते. हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही, चार पावसाळे काठावर काढले तरी पुरे.

राहावे की जावे?

आमच्या वस्तीतल्या सुना आता स्पष्ट बोलतात. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर हाच विषय निघाला. जुनी माणसे म्हणाली, "बापजाद्यांची जागा हाय, सोडायची नाही." त्यावर एक सून उठून म्हणाली, "बाबा, जागा तुमची, पण दर जुलैला रात्रभर जागायचं आम्ही. लेकरू काखेत घेऊन पाणी बघायचं आम्ही. उंचावर पक्कं घर नावावर मिळालं तर मी उद्या जाईन."

सभेत शांतता पसरली. आम्हाला तिचे म्हणणे पटले. ज्या जागी आपल्याला हलके समजून बसविले, ती जागा केवळ जुनी म्हणून पुजायची गरज नाही. पण उठायचे तर हक्काने, नोंदीने, दुसरे घर नावावर घेऊन उठायचे. दलालाच्या चार नोटांवर किंवा एखाद्या रात्री पाण्याने हाकलले म्हणून उठायचे नाही.

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवून पाहा. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर बांधवांची ती वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असे खुद्द सरकारनेच सांगितले. मागाहून चौकजवळ सिडकोने घरे बांधली. घरे झाली ही समाधानाची गोष्ट, पण ज्यांच्यासाठी व्हायला हवी होती त्यातली कितीतरी माणसे उरली नव्हती. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे त्या वाडीने आपल्याला फार महाग किमतीत शिकविले आहे.

तीन नावांची एक वस्ती

त्या सभेनंतर दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी एक मोठी वही घातली. प्रत्येक घराला एक पान. घर कधीपासून, कोणाच्या नावे, वारस कोण, 2005 साली पाणी कुठवर आले. पाण्याची खूण प्रत्येक भिंतीवर रंगाने केली आणि तिचे माप वहीत घेतले.

वही भरताना एक अडचण निघाली. आमच्या वस्तीला कागदोपत्री तीन नावे आहेत. आजोबांच्या पावतीवर महारवाडा, वडिलांच्या पावतीवर बौद्धवाडा आणि आता नवे नाव. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच आहे. पण जुन्या नावाची जागा आणि नव्या नावाची जागा एकच, हे सांगणारा कागदही हवा. नाही तर उद्या कोणी विचारील, "तुम्ही इथे कधीपासून?" आणि चार पिढ्यांचे रहिवासी एका नव्या नावामुळे कालचे ठरतील.

म्हणून नदीकाठच्या आपल्या सर्व बांधवांना, कर्जतचे असोत, खोपोलीचे असोत की महाडचे, आमचे हात जोडून सांगणे आहे. घरातला कर्ता माणूस गेला, की वारसनोंद वेळेवर करा आणि घरातल्या बाईचे नाव गाळू नका. मिळकत पत्रिका किंवा सातबारा वर्षातून एकदा काढून बघा. जागा नवीन शर्तीची आहे का ते तपासल्याशिवाय कोणाच्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. घरपट्टीची पावती फाडून मिळाली, की तिची झेरॉक्स काढून गावातल्या नातेवाइकाकडेही ठेवा. वस्तीचे नाव बदलले असेल, तर जुने-नवे नाव एकच असल्याचा दाखला नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून लेखी मागा. पूररेषेच्या नकाशात आपले घर कुठे येते ते विचारा, आणि आत येत असेल तर पुनर्वसनाचा अर्ज आजच द्या, पोच घ्या.

मावशींचे काम गेल्या वर्षी पूर्ण झाले. वारसनोंदीत त्यांचे नाव लागले. उतारा हातात आला तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "भाऊ, यात माझं नाव कुठं लिवलंय, बोट ठेवून दाव." आम्ही बोट ठेवले. कोंडाण्याच्या बलुकाविषयी विचारणारी ती सातवीतली मुलगी त्यांचीच नात. ती आता कॉलेजला आहे. तिने आजीच्या खांद्यावरून वाकून ते नाव मोठ्याने वाचले, आणि मग शिडी लावून ती पिशवी तिनेच आढ्याला बांधली.

आमच्या सर्व वाचकांना सप्रेम जयभीम.